खडकीचे धनराज

मुलांनो, भाताचे रोप महिन्याभरात ओंबी धरीत नाही म्हणून मावळातील शेतकरी ते उपटून टाकीत नाही. होतकरू खेळाडूंविषयी मात्र आपण फार उतावीळ असतो.

लोणावळा-पुणे लोकलच्या वाटेवर खडकी हे स्थानक लागते. तेथील दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत धनराज पिल्ले वाढले. वडील मैदानाची निगा राखीत. नवी स्टिक परवडत नसे. मोडकी स्टिक आणि टाकून दिलेला चेंडू घेऊन हे भाऊ धुळीत खेळत. चेंडू स्टिकेला चिकटल्यासारखा पळविणे असल्या सरावानेच अंगी मुरते. ते एका उन्हाळी शिबिरात येत नाही.

१९८९ साली, एकविसाव्या वर्षी, धनराज भारतातर्फे खेळू लागले. आशियाई क्रीडास्पर्धांत १९९० साली रौप्यपदक मिळाले. १९९४ साली अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाने हरविले, पुन्हा रौप्यच. अशा वेळी 'आता पुरे' म्हणणारे भेटतातच! १९९८ साली बँकॉक येथे मात्र तेच संघनायक होते. अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरिया. बरोबरी झाली, पेनल्टी फटक्यांवर भारत जिंकला आणि १९६६ नंतर प्रथमच ते सुवर्णपदक भारतात आले. धनराज तेव्हा तीस वर्षांचे होते.