लाळग्रंथीचा कॅन्सर : पुढचे आयुष्य कशावर ठरते?

कॅन्सर म्हटले की आपल्या वस्तीत तंबाखू-गुटख्याचा तोंडाचा कॅन्सरच डोळ्यासमोर येतो. लाळग्रंथीचा कॅन्सर त्याहून वेगळा आणि बराच दुर्मीळ आहे. तंबाखूला कधी हात न लावलेल्या ताईलाही तो होतो. म्हणून घरात कुणाला शंकाही येत नाही.

लाळ तयार करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात : कानाच्या पुढे-खाली, जबड्याखाली आणि जिभेखाली. शिवाय टाळूत, ओठात, गालाच्या आत शेकडो बारीक ग्रंथी असतात. कानाजवळच्या ग्रंथीतल्या पाच गाठींपैकी साधारण चार साध्या निघतात. जबड्याखाली मात्र जवळपास निम्म्या कॅन्सरच्या असू शकतात, आणि जिभेखाली शक्यता त्याहून जास्त. ग्रंथी जितकी लहान, तितकी शंका मोठी.

ही गाठ बहुधा दुखत नाही, आणि तिथेच वेळ जातो. जेवताना फुगून नंतर ओसरणारी सूज बहुतेक वेळा खड्याची असते. गालगुंड आठवडा-दहा दिवसांत उतरते. पण तीन आठवडे गाठ तशीच राहिली तर दाखवाच. शेकू नका, चोळू नका. मानेत टीबीचीही गाठ येते, म्हणून अंदाजाने गोळ्या सुरू करण्यापेक्षा आधी सुईची तपासणी करून घ्यावी. 'सुई टोचली की कॅन्सर पसरतो' हे वाक्य मी वस्तीत नेहमी ऐकते. बारीक सुईच्या तपासणीत असा धोका नगण्य असतो. तपासणी टाळण्याचा धोका मात्र खरा आहे.

निदान झाल्यावर 'किती दिवस आहेत?' हा प्रश्न येतोच. उत्तर एका आकड्यात देता येत नाही. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आहे की चारच्या पुढे गेली, मानेच्या गाठींत पोचली का, फुप्फुसात गेली का, हे पहिले पाहतात. तोंड एका बाजूला वाकडे झाले किंवा डोळा मिटेनासा झाला, तर चेहऱ्याची नस धरली गेल्याची ती खूण असू शकते. त्याला वारा लागला म्हणून घरी बसू नका.

दुसरी गोष्ट कॅन्सरच्या जातीची. म्युकोएपिडरमॉइड हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. तो सौम्य दर्जाचा असेल आणि वेळेत उपचार झाले, तर दहातले नऊ किंवा अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. अॅडिनॉइड सिस्टिक हा प्रकार फसवा. तो हळू वाढतो, नसांच्या कडेने सरकतो आणि दहा-पंधरा वर्षांनीही फुप्फुसात दिसू शकतो. 'पाच वर्षे झाली, सुटलो' हा हिशोब त्याला लागू नाही. लाळेच्या नलिकेतून निघणारा प्रकार मात्र झपाट्याने पसरतो.

आपल्या हातात काय आहे? पहिले ऑपरेशन पूर्ण होणे. 'वरवर गाठ काढून देतो, लगेच घरी जा' असे कुणी म्हटले तर थांबा. साधी गाठही अर्धवट काढली तर पुन्हा येते, आणि वर्षानुवर्षे ठेवली तर तिचाही कॅन्सर होऊ शकतो. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये कडा मोकळ्या आहेत का, नसांत शिरकाव आहे का, हे डॉक्टरांना विचारा. त्यावरच शेक, म्हणजे रेडिएशन, लागेल का हे ठरते. तो बहुधा सहा-सात आठवडे चालतो. तोंड सोलते, चव जाते, आणि मजुरी बुडते म्हणून मध्येच सोडणारे पुष्कळ. सुरू करण्याआधी दात तपासून घ्या. डोळा मिटत नसेल तर दिवसा थेंब आणि रात्री मलम-पट्टी चुकवू नका.

आपल्या शहरात आमखास मैदानाजवळ शासकीय कॅन्सर हॉस्पिटल २०१२ पासून आहे. ऑपरेशन आणि शेक दोन्ही तिथे होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या, आणि भरतीच्या आधीच आरोग्यमित्राला भेटा. दुसऱ्या दवाखान्यात मत घ्यायचे असेल तर रिपोर्टबरोबर तपासणीच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. नाहीतर पुन्हा सुई, पुन्हा खर्च, पुन्हा पंधरा दिवस.