घटक ४ : बालवयातील ताण आणि नर-मादी भेद – शास्त्रीय लेखनाचे आकलन

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :
• बालवयातील ताणावरील प्रयोगांची रचना सांगता येईल.
• निष्कर्षाची मर्यादा ओळखता येईल.
• भाषेतील लिंगव्यवस्थेचा शास्त्रीय लेखनावर होणारा परिणाम स्पष्ट करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ‘उंदीर घाबरला’ हे वाक्य वाचा. आपल्या डोळ्यांसमोर नर आला की मादी? मराठीत ‘उंदीर’ हा शब्द पुल्लिंगी असून तो दोहोंसाठी वापरला जातो. ‘पिल्लू’ मात्र नपुंसकलिंगी आहे. व्याकरणाच्या या सोयीत मादी सहज झाकली जाते. प्रयोगशाळेतही दीर्घकाळ असेच घडले.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ प्रयोगाची रचना

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य व त्यांचे सहकारी या विषयावर संशोधन करतात. त्यांच्या प्रयोगांत जन्मानंतरच्या दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत पिल्लांना रोज तीन तास आईपासून दूर ठेवले जाते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे आढळले की, असे उंदीर तरुणपणी ताणाच्या प्रसंगी शिकण्यात सरस ठरले. मध्यमवयात मात्र त्यांची शिकण्याची क्षमता खालावली. म्हणजेच परिणाम कोणत्या वयात तपासला, यावर उत्तर अवलंबून असते.

दुसऱ्या पद्धतीत आईला घरट्यासाठी अपुरे साहित्य दिले जाते. आई पिल्लांजवळच असते, परंतु तिचे संगोपन तुटक व अनियमित होते. येथे उणीव आईच्या मायेत नसून तिच्या परिस्थितीत आहे, हे ध्यानात घ्या.

४.३.२ नर आणि मादी

भेद जन्मापासूनच सुरू होतो. उंदराची मादी आपल्या नर पिल्लांना अधिक चाटते, असे निरीक्षण आहे. प्रौढ मादीत कॉर्टिकोस्टेरॉन या ताणसंप्रेरकाचे प्रमाण नरापेक्षा अधिक असते. काही प्रयोगांत स्मरणशक्तीची हानी नरांत अधिक ठळक दिसते. मग मादी सुरक्षित राहते काय?

असा निष्कर्ष घाईचा ठरेल. भीती मोजताना उंदीर किती वेळ निश्चल राहतो, हे पाहण्याची रूढी आहे. 2015 मधील एका अभ्यासात अनेक माद्या निश्चल न राहता वेगाने धावल्या. केवळ निश्चलता मोजली, तर अशी मादी ‘निर्भय’ ठरेल. दोष मादीचा नव्हे, मोजपट्टीचा आहे.

४.३.३ वगळलेली मादी

2009 मधील नियतकालिकांच्या पाहणीनुसार, मज्जाविज्ञानात एकाच लिंगाच्या प्राण्यांवर झालेल्या अभ्यासांपैकी केवळ नरांवरील अभ्यास केवळ माद्यांवरील अभ्यासांच्या 5.5 पट होते. मादीचे चार-पाच दिवसांचे ऋतुचक्र निष्कर्षांत चढउतार आणते, हे त्याचे कारण सांगितले जाई. 2016 च्या आढाव्यात मात्र मादी उंदीर नरांहून अधिक अस्थिर आढळले नाहीत.

४.३.४ प्रयोगशाळेतून गावाकडे

आपण ब्राह्मणपुरीत किंवा शहादा तालुक्यातील अन्य गावी हा घटक वाचत असाल, तर ऊसतोडीसाठी तान्ह्या मुलांसह स्थलांतर करणारी कुटुंबे आपल्या परिचयाची असतील. त्या मुलांचे भवितव्य उंदरांच्या प्रयोगावरून सांगता येत नाही. उंदराचे बालपण काही आठवड्यांचे असते. माणसाच्या मुलाला आजी, शाळा, शेजार आणि भाषा लाभते. शिवाय नर-मादी भेद हा जैविक आहे; मुलगा व मुलगी यांच्या वाट्याला येणारे अन्न, काम आणि शिक्षण यांतील भेद समाजाने घडविलेला आहे. पहिल्यासाठी ‘लिंग’ आणि दुसऱ्यासाठी ‘लिंगभाव’ ही संज्ञा वापरावी. तरीही प्रयोगातून एक प्रश्न जरूर घ्यावा : मुलावर ताण आला, तर आईला दोष देण्यापूर्वी तिच्या घरट्यात काय कमी होते, हे आपण पाहिले काय?

४.४ सारांश

बालवयातील ताणाचा परिणाम वय, लिंग, ताणाचा प्रकार आणि मोजण्याची पद्धत यांनुसार बदलतो. नरांवरील निष्कर्ष सर्वांना लागू करणे अशास्त्रीय होय.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘दोष मादीचा नव्हे, मोजपट्टीचा आहे’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘लिंग’ व ‘लिंगभाव’ या संज्ञांतील फरक आपल्या परिसरातील उदाहरण देऊन लिहा.
३. दैनिकातील एखादी आरोग्यविषयक बातमी निवडा. प्रयोग कोणावर झाला, हे तीत सांगितले आहे काय, ते तपासा.