वाटेत अडलेली गाडी

पुणे शहराच्या पश्चिमेस, चांदणी चौक ओलांडला की पौडच्या रस्त्यावर भूगाव लागते. एके काळी भातखाचरांचे असलेले हे गाव. आज शहर त्याच्या वेशीला येऊन भिडले आहे. हाच रस्ता पुढे भुकूम, पिरंगुट, पौड ही गावे मागे टाकीत मुळशीच्या जलाशयाच्या काठाने ताम्हिणी घाटाकडे जातो आणि घाट उतरून विळे, निजामपूर या गावांवरून माणगावास पोहोचतो. कोकणात उतरणारी ही वाट मोठी रमणीय आहे. परंतु तिची वळणे व चढ वाहनाची आणि वाहन चालविणाऱ्याची परीक्षा पाहतात.

भूगावचे एक कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत हरिहरेश्वरास गेले होते. आजोबा, आजी, आई, वडील, बारा वर्षांचा मुलगा आणि त्याची थोरली बहीण अशी सहा माणसे. या खेपेस वडिलांनी 'कारवान' भाड्याने घेतली होती. कारवान म्हणजे चाकांवरचे लहानसे घरच. निजण्याचे फळे, ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, सारे काही गाडीत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कारवान पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून आपल्याकडेही अशा गाड्यांचे नाव लोकांच्या कानी पडू लागले आहे.

तीन दिवस आनंदात गेले. चौथ्या दिवशी दुपारची जेवणे उरकून मंडळी परतीच्या वाटेला लागली. गाडी रात्री नऊपर्यंत मालकाच्या स्वाधीन करावयाची होती. उशीर झाल्यास आणखी एका दिवसाचे भाडे पडणार होते. त्यामुळे वडिलांचे लक्ष वारंवार घड्याळाकडे जात होते.

विळे मागे पडले आणि घाटाचा चढ सुरू झाला. गाडी जड, चढ उभा. अर्धा घाट चढून होतो न होतो तोच उष्णता दाखविणारा काटा तांबड्या खुणेकडे सरकला. थोड्याच वेळात पुढच्या झाकणाखालून वाफ येऊ लागली.

"आबा, थोडाच चढ उरला आहे. माथ्यावर पोहोचलो की थांबू," वडील म्हणाले.

"नको. पुढच्या वळणाच्या अलीकडे मोकळी जागा दिसते आहे, तेथे गाडी डाव्या अंगाला घे आणि इंजिन बंद कर," आजोबा शांतपणे म्हणाले.

आजोबांचे सारे आयुष्य एस. टी.च्या कार्यशाळेत गेले होते. त्यांचा शब्द मोडणे वडिलांना जड वाटले. गाडी थांबली. हाताचा ब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली आणि चारी बाजूंचे लुकलुकणारे दिवे लावले. आजोबांनी नातवाकडून दोन मोठे दगड आणवून मागच्या चाकांना उताराच्या बाजूने लावले. आईने गॅसच्या टाकीचा खटका बंद केला. बहिणीने गाडीतील तांबडा त्रिकोण काढला. "गाडीच्या अगदी मागे ठेवू नकोस, पोरी. खालून येणाऱ्याला गाडी दिसण्याआधी त्रिकोण दिसला पाहिजे," असे सांगून आजोबा तिच्यासोबत रस्त्याच्या कडेने बरेच खाली गेले आणि त्यांनी तो वळणाच्या अलीकडे ठेवला. मग सर्वांना त्यांनी रस्त्यापासून दूर, डोंगराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत बसविले.

इकडे वडिलांचा धीर सुटत चालला होता. त्यांनी पुढचे झाकण उघडले, हाताला फडके गुंडाळले आणि रेडिएटरचे बूच फिरविण्यासाठी हात पुढे केला. आजोबांनी झटकन त्यांचे मनगट धरले.

"हा हात पाहा," असे म्हणून त्यांनी आपली डावी बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चुरगळलेल्या कागदासारखी दिसत होती. "उमेदवारीच्या पहिल्याच वर्षी मीही असेच फडके गुंडाळले होते. गाडी लवकर सुटावी म्हणून मला घाई झाली होती. गाडी सुटली दुसऱ्या दिवशी. मी मात्र महिनाभर अंथरुणाला खिळलो."

घरातील सर्वांनी तो व्रण पाहिला होता. त्याची हकीकत मात्र आजच कळली. वडिलांनी हात मागे घेतला.

"पण आबा, पाणी तर शंभर अंशांनाच उकळते ना?" मुलाने विचारले.

"उघड्या भांड्यात उकळते," आजोबा म्हणाले. "रेडिएटरचे बूच घट्ट असते. आत दाब वाढतो आणि दाबाखाली पाणी शंभरापेक्षा अधिक तापले तरी उकळत नाही. बूच काढले की दाब एकदम नाहीसा होतो आणि त्या पाण्याची क्षणात वाफ होऊन ते कारंजासारखे अंगावर उडते. इंजिनात जळणाऱ्या इंधनापैकी सुमारे तिसरा हिस्साच चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेल्याची उष्णता होते. काही धुराबरोबर बाहेर जाते, काही पाणी वाहून नेते आणि रेडिएटरमध्ये वाऱ्याला देते. चढावर इंजिनाला कष्ट फार आणि गाडीचा वेग कमी, म्हणून वाराही कमी. त्यात पाणी गळत असले तर मग विचारूच नका. आपण तसेच पुढे गेलो असतो तर आतले भाग तापून एकमेकांना चिकटले असते. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर त्याला तडा जाण्याची भीती. म्हणून तेही करावयाचे नाही. आता याला औषध एकच, वाट पाहणे."

घाटात मोबाइलला संपर्क मिळत नव्हता. इतक्यात पुण्याकडे जाणारी एस. टी. आली. त्रिकोण पाहून चालकाने वेग आवरलेलाच होता. हात दाखविताच त्याने गाडी मोकळ्या जागी घेतली. वडिलांनी चिठ्ठीवर भूगावच्या चुलत्यांचा दूरध्वनी क्रमांक, थांबल्याचे ठिकाण आणि 'सर्व सुखरूप आहोत' एवढा मजकूर लिहून दिला. संपर्क येताच निरोप कळविण्याचे वाहकाने कबूल केले.

ऊन उतरले. आजीने डब्यातील लाडू व चिवडा सर्वांच्या हातावर ठेवला. मुलगा मात्र हिरमुसला होता. "आपलीच गाडी बंद पडायची होती," तो पुटपुटला.

आजोबा हसले. "अरे, मोटारीचा पहिला लांबचा प्रवासही असाच अडत अडत झाला. जर्मनीत कार्ल बेंझ नावाच्या यंत्रज्ञाने मोटार बनविली. पण लोकांचा तिच्यावर विश्वास बसेना. तेव्हा १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बर्था आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. इंधन संपले, ते औषधाच्या दुकानातून घेतले. ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे ठोकून घेतले. इंजिन निववण्यासाठी तर जागोजागी पाणी भरावे लागे. चढ आला की मुले गाडी ढकलीत. पण ती पोहोचली, आणि तशीच परतही आली. चढावर गाडी कमी पडते हे तिने अनुभवले, म्हणून पुढे चढासाठी आणखी एक गिअर बसविण्यात आला. गाडी अडली नसती तर ही उणीव कळली असती का?"

तासाभराने इंजिन निवले. आजोबांनी जाड फडके घेऊन बूच प्रथम थोडेसेच फिरविले, आवाज येत नाही याची खात्री केली आणि मगच काढले. विजेरीच्या उजेडात शोधता शोधता दोष बहिणीलाच प्रथम दिसला. रबराच्या नळीला टोकाशी चीर पडली होती. आजोबांच्या हाताला आता कंप होता. म्हणून ते सांगत गेले आणि वडील करीत गेले. नळीचे चिरलेले टोक चाकूने कापले, उरलेली नळी पुन्हा नीट बसविली आणि वरची पट्टी आवळली. टाकीतील पाणी हळूहळू भरले. इंजिन सुरू करून गळती होत नाही हे पाहिले, पुन्हा थोडे पाणी घातले आणि बूच घट्ट लावले.

मंडळी गाडीत बसली. त्रिकोण आत आला. गाडी चार पावले पुढे गेली तोच आजोबा म्हणाले, "थांब. आपले दगड कोठे आहेत?"

दगड रस्त्यावरच होते. वडील चटकन उतरले, विजेरी घेऊन मागे गेले आणि दोन्ही दगड त्यांनी उचलून पार कडेला टाकले. "आपली अडचण संपली," आजोबा नातवाला म्हणाले, "पण अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराची आपण तयार करून ठेवली होती."

काट्यावर नजर ठेवीत, मध्ये एकदा थांबून पाणी तपासत गाडी सावकाश मुळशी, पौड करीत भूगावास पोहोचली तेव्हा दहा वाजून गेले होते. चुलते दारातच उभे होते. निरोप त्यांना मिळाला होता. एका दिवसाचे भाडे जास्त पडले. वडिलांनी गाडीमालकाला नळीची सर्व हकीकत सांगितली, आणि ती नवी घातल्याशिवाय गाडी कोणास देऊ नये अशी विनंती केली. घरी आल्यावर त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे एकदा पाहिले आणि भाड्याविषयी ते पुन्हा काही बोलले नाहीत.

यंत्र मनुष्याने घडविले आहे. ते कधीतरी अडणारच. अशा वेळी प्रथम माणसांना सुरक्षित ठेवावे, मग मागून येणाऱ्यांना सावध करावे आणि शेवटी यंत्राकडे वळावे. कोणास इजा झाली असल्यास ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर मदत मागावी. घाईने वाचलेला वेळ पुष्कळदा व्याजासह परत द्यावा लागतो. धीराने घालविलेला तास मात्र माणसाला सुखरूप घरी आणतो.

स्वाध्याय

१. वडिलांना घरी पोहोचण्याची घाई का झाली होती?
२. तांबडा त्रिकोण गाडीच्या अगदी मागे का ठेवला नाही?
३. तापलेल्या रेडिएटरचे बूच काढणे धोक्याचे का असते, ते आपल्या शब्दांत सांगा.
४. बर्था बेंझ हिने वाटेतील अडचणींवर कशी मात केली?
५. 'आपली अडचण संपली' असे आजोबा कोणत्या प्रसंगी म्हणाले? त्या उद्गारावरून त्यांच्या स्वभावाचा कोणता विशेष दिसतो?
६. 'परतीच्या वाटेवरील एक अडचण' या विषयावर दहा ओळी लिहा.