देवस्थानची करसवलत आणि गावची निवडणूक

प्रश्न : आमच्या मंदिराचा ट्रस्ट नोंदणीकृत आहे. ग्रामपंचायत निवडणुकीत एका पॅनलला सभामंडप द्यावा, भंडाऱ्याच्या वर्गणीतून मदतही करावी, असे काही विश्वस्त म्हणतात. करसवलत जाईल का? – एक वाचक, मेडशी (जि. वाशीम)

उत्तर : तुमची चिंता रास्त आहे, पण धोका करसवलतीच्या आधीच सुरू होतो. धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) कायदा, 1988 नुसार देवस्थानची जागा वा निधी राजकीय कामासाठी वापरता येत नाही. दोषी ठरल्यास 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘ग्रामपंचायतीत पक्षचिन्ह नसते, मग राजकारण कसले?’ हा युक्तिवाद टिकत नाही, कारण त्या कायद्याच्या व्याख्येत स्थानिक संस्थेच्या उमेदवाराचा प्रचारही येतो. करसवलतीचे म्हणाल तर, उत्पन्न संस्थेच्या उद्दिष्टांवर खर्च होते म्हणूनच ते करमुक्त असते. पॅनलच्या गाड्यांवर गेलेला पैसा त्यात बसत नाही. प्रकरण नोंदणी रद्द होण्यापर्यंत जाऊ शकते. अमेरिकेत 1954 पासून अशी बंदी करकायद्यातच आहे. आपल्याकडे तिच्यामागे तुरुंगवासाची शिक्षा आहे.

मग विश्वस्तांनी नागरिक म्हणून बोलूच नये का? अवश्य बोलावे, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पैशाने, मंदिराबाहेर. भंडाऱ्याला दहा रुपये देणाऱ्या माउलीने ते अन्नदानासाठी दिलेले असतात आणि तिचे मत कदाचित दुसऱ्याच पॅनलला असेल. मला हा मुद्दा दंडाहून मोठा वाटतो. सभामंडप कोणालाही न देण्याचा ठराव इतिवृत्तात नोंदवा आणि दोन्ही पॅनलना तो लेखी कळवा.