गोळी आणि बोलणं

मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत हे गेले. वर्षश्राद्ध झालं तसे सगळे म्हणाले, आता सावर. मी मात्र रोज सकाळी दोघांचा चहा टाकत होते. अशी दोन वर्षं काढल्यावर लेक मला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. तिथून पुढे जे उमगलं ते लिहिते.

१. लांबलेल्या शोकालाही आजार म्हणून नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तो सहा महिन्यांनंतर धरतात. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ मोठ्या माणसांसाठी वर्षाची मुदत मानतात. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी रडले. सावरले तर माझी माया कमी ठरेल, असं मनात घट्ट बसलं होतं.

२. गोळीला वेळ द्यावा लागतो. नैराश्यावरची गोळी सुरू झाली आणि पहिले पंधरा दिवस नुसती मळमळ. जाऊबाई म्हणाल्या, सवय लागेल हो. चौथ्या आठवड्यात सलग झोप लागली, आमटीची चव कळली. तरी दार वाजलं की हेच आले असं वाटायचं. ते गोळीने गेलं नाही.

३. ते बोलून गेलं. समुपदेशक बाई डोळे मिटून हे गेले त्या दिवसाची हकिगत सांगायला लावायच्या, आत्ता घडतंय अशी. ती मोबाइलवर रेकॉर्ड करायची आणि घरी रोज ऐकायची. किती क्रूर वाटलं होतं ते! पहिल्या वेळी दवाखान्याच्या फोनपाशीच मी थांबले. पाचव्या वेळी आदल्या संध्याकाळपर्यंत पोचले. यांचा व्हिडिओ कॉल आला होता आणि दूध उतू जातंय म्हणून मी तो बंद केला होता. दोन वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "त्यांनाच सांगा." समोर हे आहेत असं समजून बोलले, मग यांच्या वतीनेही मीच बोलायचं होतं. तोंडातून आलं, "अगं, दूध उतू जात होतं ना." यांचाच सूर.

पुढे टाळलेल्या गोष्टी एकेक करून हाती घेतल्या. यांच्या स्कूटरवरचं कव्हर काढायलाच महिना लागला.

४. दोन्हींचं काम वेगळं. अमेरिकेत कॅथरीन शिअर यांनी ३९५ शोकग्रस्तांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. शोकावर गुण आला तो या संवादोपचाराने. त्याच्या जोडीला सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी दिल्याने शोक आणखी हटला नाही, पण नैराश्याची लक्षणं जास्त कमी झाली. माझंही तसंच झालं. झोप नसती तर बाईंसमोरच्या खुर्चीवर मी तासभर बसूच शकले नसते.

५. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. दिवाळीत बरं वाटलं म्हणून मी सोडली आणि आठवडाभर चक्कर, चिडचिड. डॉक्टर रागावल्या नाहीत. पुन्हा सुरू केली, आता हळूहळू उतरवत आहेत. सध्या अर्धीच घेते. स्कूटर विकलेली नाही. लेक तिच्यावर शिकते आहे.