आमिषाच्या दुकानातील जीवशास्त्र

‘आमिष’ या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ मांस. मांस न खाणाऱ्याला निरामिष म्हणतात ते त्यामुळेच. पण रोजच्या बोलण्यात आमिष म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गळ येतो आणि त्याला टोचलेले गांडूळ येते. आपल्याकडे नदीकाठच्या मुलांना हे गांडूळ विकत घ्यावे लागत नाही. शेणखताच्या खड्ड्याच्या कडेला, न्हाणीचे पाणी मुरते त्या जागी किंवा केळीच्या बुंध्याशी चार वेळा कुदळ मारली की डबीभर गांडुळे मिळतात. वाम, मरळ, शिंगाळा यांच्यासाठी गांडूळ आणि रोहू-मृगळासाठी कणकेची गोळी, एवढ्यावर काम भागते. त्यामुळे आमिषाचे दुकान ही कल्पनाच आपल्याला गमतीची वाटेल.

उत्तर अमेरिकेत मात्र अशी दुकाने सरोवराकाठच्या गावागावांत आहेत. मिनेसोटा हे तेथील एक राज्य. चार हेक्टरांहून मोठी अशी ११,८०० पेक्षा जास्त सरोवरे या एका राज्यात आहेत. उन्हाळ्यात लोक होडीतून मासे धरतात आणि हिवाळ्यात सरोवर गोठले की बर्फाला भोक पाडून त्यातून गळ सोडतात. पुष्कळ ठिकाणी आमिषाचे दुकान एकच कुटुंब चालवते. मासे पहाटे चांगले लागतात, तेव्हा दुकानही पहाटेच उघडावे लागते. मुलगा टाक्यांतले पाणी पाहतो, आई गांडुळांचे डबे मोजते, आजोबा आज कोणत्या बाजूला मासा लागतो आहे ते गिऱ्हाइकाला सांगतात. (या सांगण्याचे पैसे पडत नाहीत, पण गिऱ्हाईक पुन्हा येते ते बहुधा त्यासाठीच!)

या दुकानातला माल तीन प्रकारचा असतो : मोठी गांडुळे, ‘मिनो’ नावाचे बोटाएवढे मासे आणि जळवा. तिन्ही जिवंत. मेलेले गांडूळ किंवा मेलेला मिनो घ्यायला फारसे कोणी तयार होत नाही. म्हणजे या धंद्याचे सारे भांडवल प्राण्यांना जिवंत ठेवण्यात आहे, आणि ते साधायचे तर त्या प्राण्यांचा श्वास कसा चालतो हे दुकानदाराला कळलेच पाहिजे.

प्रथम मिनोंची टाकी पाहू. मासे कल्ल्यांच्या साहाय्याने पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण पाण्यात प्राणवायू किती विरघळतो? समुद्रसपाटीच्या दाबाला ० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात दर लिटरला सुमारे १४.६ मिलिग्रॅम, १० अंशांना ११.३, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना केवळ ७.६ मिलिग्रॅम. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते, वायूंचे मात्र उलट असते. आता दुसरी बाजू पाहा. माशाचे रक्त आपल्यासारखे ठराविक तापमानाचे नसते. पाणी तापले की मासाही तापतो आणि त्याच्या शरीरातील रासायनिक क्रिया वेगाने चालू लागतात. तापमान १० अंशांनी वाढले की प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे.

या दोन गोष्टी एकत्र मांडा. टाकीतले पाणी १० अंशांवरून २० अंशांवर गेले, तर प्राणवायूचा साठा एक पंचमांशाने घटतो आणि गरज दुप्पट होते. पहिल्या पाण्यात १०० मासे सुखाने राहत असतील, तर दुसऱ्या पाण्यात तेवढ्याच साठ्यावर ४० मासेच राहू शकतील. उरलेले ६० तोंडे वर काढून पृष्ठभागाशी धडपडू लागतील. उन्हाळ्यात तळ्यावर पहाटेच्या सुमारास मासे असे वर आलेले तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. कारण तेच आहे, आणि रात्रभर पाणवनस्पतींनीही श्वसनासाठी प्राणवायू वापरलेला असतो ही त्यात भर.

म्हणून दुकानदार टाकीत विहिरीचे थंड पाणी सतत खेळते ठेवतो. येथे एक गंमत आहे. जमिनीखालच्या पाण्याचा हवेशी संबंध नसल्याने ते थंड असूनही त्यात प्राणवायू कमी असतो. ते तुषारांसारखे उडवून टाकीत सोडावे लागते. टाकीतल्या पंपाचे बुडबुडेही नुसती हवा ‘भरत’ नाहीत. बुडबुडे वर येताना पाणी ढवळले जाते, खालचे पाणी पृष्ठभागाशी येते, आणि प्राणवायू विरघळण्याचे बरेचसे काम तेथे होते. नळाचे पाणी तर सरळ वापरताच येत नाही. आपल्याला निर्धोक असलेले क्लोरीनचे अल्प प्रमाण माशांच्या नाजूक कल्ल्यांना जाळते.

आता गांडुळे. या दुकानांत विकले जाणारे मोठे गांडूळ म्हणजे लुंब्रिकस टेरेस्ट्रिस. ते मूळचे युरोपातले. जमिनीत सरळ उभे, कधी कधी दोन मीटरपर्यंत खोल असे बीळ करून ते राहते. रात्री शेपटीचे टोक बिळातच रोवून पुढचा भाग बाहेर काढते आणि झाडाची पडलेली पाने ओढून आत नेते. त्याला फुप्फुसे नाहीत, कल्लेही नाहीत. ओलसर त्वचेतून प्राणवायू आत शिरतो आणि रक्तातील हिमोग्लोबिन तो वाहून नेते. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन तांबड्या पेशींत असते, गांडुळात ते रक्तद्रवातच विरघळलेले असते. त्वचा सुकली की श्वास बंद! म्हणून दुकानात गांडुळे ओलसर भुशात किंवा कागदाच्या लगद्यात, झाकणाला भोके पाडलेल्या पेल्यांत, फ्रीजमध्ये ठेवतात. थंडीत ती मंदावतात, कमी प्राणवायू घेतात आणि आठवडेच्या आठवडे टिकतात. वीज गेली आणि फ्रीज तापला तर मात्र पेल्यातले एखादे मरते, ते कुजू लागते, आणि त्यापाठोपाठ सगळा पेला जातो. भर मोसमात एका दुपारचा असा घोटाळा त्या कुटुंबाची आठवड्याची कमाई बुडवू शकतो. जळवांचे काम त्या मानाने सोपे. थंड स्वच्छ पाणी रोज बदलले की त्यांची तक्रार नसते. विकतात त्या जातीच्या जळवा माणसाचे रक्त पीतही नाहीत.

तुम्ही विचाराल, ही गांडुळे दुकानदार घरीच का वाढवीत नाही? या जातीची वाढ फार सावकाश होते. वयात यायलाच साधारण वर्ष लागते आणि कोशही थोडेच घातले जातात. पाळून विकणे परवडत नाही. त्यामुळे यातली बहुतेक गांडुळे कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या दक्षिणेकडील शेतांतून हाताने वेचलेली असतात. पावसाळी, उबदार, वारा नसलेल्या रात्री वेचणारे कपाळाला दिवा आणि पायांना दोन डबे बांधून वाकत वाकत पुढे सरकतात. एका डब्यात गांडुळे आणि दुसऱ्यात भुसा, बोटे कोरडी ठेवण्यासाठी. बोटे बुळबुळीत झाली तर बिळात शेपूट रोवलेले गांडूळ निसटते, आणि जोराने ओढले तर तुटते. वेचणाऱ्याला मजुरी मिळते ती हजारावर, तेव्हा रात्रीत किती वेळा वाकावे लागत असेल याची कल्पना करा. अशी कोट्यवधी गांडुळे दरवर्षी सीमा ओलांडून अमेरिकेत जातात.

येथपर्यंत सारे ठीक. पण संध्याकाळी मासे धरून झाले आणि पेल्यात चार-पाच गांडुळे उरली, तर माणूस काय करतो? बिचाऱ्यांना जीवदान द्यावे म्हणून काठावरच्या झाडाखाली ओतून देतो. या दयाळूपणातूनच एक मोठे संकट उभे राहिले आहे.

ते समजण्यासाठी हिमयुगाकडे जावे लागेल. मिनेसोटाचा बहुतेक भाग जाड बर्फाखाली होता. सुमारे १०–११ हजार वर्षांपूर्वी बर्फ मागे हटले, तेव्हा त्या जमिनीत एकही गांडूळ उरले नव्हते. तेथे नंतर जी अरण्ये वाढली ती गांडुळांवाचूनच. पाने पडत, बुरशी आणि सूक्ष्म जीव ती हळूहळू कुजवीत, आणि जमिनीवर दहा-दहा सेंटिमीटर जाडीची पाचोळ्याची मऊ गादी तयार होई. तेथल्या रानफुलांची बी याच गादीत रुजते, मेपल वृक्षांची कोवळी रोपे तिच्यातच मुळे धरतात, आणि काही पक्षी आपली घरटीही याच पाचोळ्यात करतात. युरोपातून वसाहतवाले आले तेव्हा रोपांच्या मुळांना चिकटलेल्या मातीतून गांडुळेही आली. पुढे गळवाल्यांनी ती रानोमाळ नेली. गांडुळे शिरली की काही वर्षांत ही गादी नाहीशी होते आणि खाली उघडी, घट्ट माती उरते. रानफुले विरळ होतात, काही दुर्मिळ नेचे दिसेनासे होतात.

गळवाल्यांवर हा आरोप करण्याला पुरावा काय? येथे एक साधा हिशेब उपयोगी पडतो. स्वतःच्या बळावर गांडुळांची फौज वर्षाला साधारण ५ ते १० मीटर पुढे सरकते. शंभर वर्षांत अर्धा ते एक किलोमीटर. मग वस्तीपासून कित्येक किलोमीटर दूर असलेल्या सरोवराकाठी ती कशी पोहोचली? अभ्यासकांनी रानात जागोजाग खणून पाहिले, तेव्हा गांडुळे विशेष करून रस्त्यांच्या कडेला आणि होड्या पाण्यात सोडण्याच्या जागांजवळ आढळली. एवढ्यावरून वाहक कोण ते ओळखता येते.

मग गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र, हे आपण शाळेत शिकतो ते खोटे का? मुळीच नाही. चार्ल्स डार्विनने १८८१ साली गांडुळांवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये पुष्कळ ठिकाणी एकरी दहा टनांहून अधिक माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, असा अंदाज त्याने त्यात दिला. नांगरलेल्या शेतात हे काम मोलाचेच आहे. पण माती उकरून वर आणणे हे शेतात वरदान असले, तरी जेथील सारी जीवसृष्टी न उकरलेल्या पाचोळ्यावर उभी आहे तेथे तेच विघातक ठरते. प्राणी चांगला की वाईट, हा प्रश्न ‘कोठे’ हे विचारल्याशिवाय सोडवताच येत नाही. आपल्या सह्याद्रीत स्थानिक गांडुळांच्या अनेक जाती आहेत, त्यामुळे मिनेसोटाची गोष्ट येथे जशीच्या तशी लागू करणे चुकीचे होईल. पण आपल्याकडेही खतासाठी आफ्रिकेतील व युरोपातील जाती आणल्या गेल्या आहेत. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया मासा तर आज असंख्य तळ्यांत आणि धरणांत स्थानिक माशांशी अन्नासाठी स्पर्धा करतो आहे.

मिनेसोटात आता उरलेले आमिष काठावर किंवा पाण्यात टाकण्याला बंदी आहे. ते कचऱ्याच्या डब्यात टाकावे लागते. मिनोंच्या बादलीतले सरोवराचे पाणीही तेथेच ओतून द्यायचे, आणि मासे घरी न्यायचे असतील तर घरून आणलेले पाणी भरायचे. २००५–०६ च्या सुमारास तेथील महासरोवरांत माशांच्या एका विषाणुजन्य रोगाने पुष्कळ मासे मेले, तेव्हापासून हे नियम अधिक कडक झाले. दुकानदारांनाच याची सर्वांत जास्त झळ बसते. गिऱ्हाइकाला पेला देताना ‘उरलेली गांडुळे ओतू नका’ हेही आता त्यांनाच सांगावे लागते.

करून पाहा : आपल्या परिसरात गांडुळे किती आहेत हे न खणता मोजता येते. ४ लिटर पाण्यात ४० ग्रॅम मोहरीची बारीक पूड चांगली ढवळा. पावसाळ्यात, जमीन ओली असताना, ३० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन आखून त्यातला पाचोळा बाजूला करा आणि निम्मे पाणी सावकाश ओता. ते मुरले की उरलेले ओता. मोहरीतील झणझणीत द्रव्याने त्वचेची आग होऊन गांडुळे पाच-दहा मिनिटांत वर येऊ लागतील. ती लगेच स्वच्छ पाण्यात धुवा, मोजा आणि होती त्याच जागी, पण मोहरीचे पाणी न पडलेल्या मातीत सोडा. शाळेची बाग, मैदान, शेताचा बांध आणि जुन्या झाडाखालची जागा अशा चार ठिकाणी प्रत्येकी तीन चौकोन घ्या. प्रत्येक ठिकाणी पाचोळ्याची जाडीही पट्टीने मोजून गांडुळांच्या संख्येशेजारी लिहा. आलेले आकडे आलेखकागदावर मांडा, आडव्या अक्षावर गांडुळांची संख्या आणि उभ्या अक्षावर पाचोळ्याची जाडी. बिंदू कसे पडतात ते वर्गात शिक्षकांना दाखवून चर्चा करा.