मतदाराचा मतदारसंघ : मुखेड-कंधार परिसरातून मिळणारा धडा

निवडणूक म्हटली की मतदानाचा दिवस, केंद्रासमोरील रांगा आणि बोटावरील शाई यांचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. या दिवसापूर्वी कितीतरी महिने आधी एक शांत, फारसे कोणाच्या नजरेत न भरणारे काम चाललेले असते. कोणता मतदार कोणत्या मतदारसंघाचा, कोणत्या यादी भागाचा व कोणत्या केंद्राचा हे निश्चित करण्याचे ते काम होय. ते अचूक झाले तर मतदानाचा दिवस सुरळीत पार पडतो. त्यात चूक राहिली तर केंद्राध्यक्ष कितीही कुशल असला तरी ती चूक त्याला त्या दिवशी दुरुस्त करता येत नाही. नांदेड जिल्ह्यातील मुखेड आणि त्याच्या शेजारचा कंधार तालुका यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

एक तालुका, दोन मतदानाचे दिवस

नांदेड जिल्ह्यात विधानसभेचे नऊ मतदारसंघ आहेत. त्यांपैकी भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर व मुखेड हे सहा मतदारसंघ नांदेड लोकसभा मतदारसंघात मोडतात. किनवट व हदगाव हे दोन हिंगोली लोकसभा मतदारसंघाचे घटक आहेत, तर लोहा हा मतदारसंघ लातूर लोकसभा मतदारसंघाला जोडलेला आहे. म्हणजे एकाच जिल्ह्यातील मतदार लोकसभेसाठी तीन निरनिराळ्या मतदारसंघांत विभागले गेले आहेत.

कंधार तालुक्यात ही विभागणी अधिकच जवळून प्रत्ययास येते. या तालुक्याचा काही भाग ८८ लोहा विधानसभा मतदारसंघात, तर काही भाग ९१ मुखेड विधानसभा मतदारसंघात समाविष्ट आहे. साहजिकच तालुक्यातील एका गावचा मतदार लातूरच्या खासदाराची निवड करतो, तर दुसऱ्या गावचा मतदार नांदेडच्या. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नांदेड मतदारसंघाचे मतदान २६ एप्रिल रोजी झाले आणि लातूर मतदारसंघाचे ७ मे रोजी. एकाच तालुक्यात, एकाच निवडणुकीसाठी, मतदानाचे दोन वेगवेगळे दिवस आले. ‘आमच्या तालुक्याचे मतदान केव्हा?’ या साध्या प्रश्नाला तालुक्याच्या नावाने उत्तर देणे अशक्य झाले.

त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेची सार्वत्रिक निवडणूक झाली. नांदेड लोकसभेची जागा तत्कालीन खासदारांच्या निधनामुळे रिक्त झाली होती व तिची पोटनिवडणूकही त्याच दिवशी घेण्यात आली. मुखेड मतदारसंघातील मतदाराला त्या दिवशी विधानसभेसाठी एक व लोकसभेसाठी एक अशी दोन मते द्यावयाची होती, तर लोहा मतदारसंघातील मतदाराला एकच. पोटनिवडणुकीचा निकाल अवघ्या १,४५७ मतांच्या फरकाने लागला. २०२४ च्याच सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल तर ४८ मतांनी ठरला होता. चार-सहा घरांच्या नोंदी चुकीच्या यादीत जाणे म्हणजे काय, हे अशा निकालांवरून उमजते.

सीमा कशी ठरते?

सध्याच्या मतदारसंघांच्या सीमा परिसीमन अधिनियम, २००२ अन्वये नेमलेल्या आयोगाने ठरविल्या. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग हे त्याचे अध्यक्ष होते. २००१ च्या जनगणनेतील लोकसंख्या आधारभूत धरण्यात आली आणि ही पुनर्रचना २००८ मध्ये अमलात आली. महाराष्ट्रात २००९ च्या निवडणुका नव्या सीमांनुसार झाल्या.

मतदारसंघांची लोकसंख्या शक्यतो सारखी राहावी हे आयोगाचे मुख्य उद्दिष्ट असते. प्रत्येक तालुक्याची लोकसंख्या एका मतदारसंघाइतकी असतेच असे नाही. म्हणून एखादा तालुका विभागला जातो व त्याचा काही भाग शेजारच्या मतदारसंघाला जोडला जातो. तालुका ही महसुली कारभाराची सोय आहे, तर मतदारसंघ ही प्रतिनिधित्वाची. त्यामुळे नंतर नवा तालुका निर्माण झाला किंवा एखादे गाव दुसऱ्या तालुक्यात गेले, तरी तेवढ्याने मतदारसंघाची सीमा बदलत नाही.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका आल्या की या चित्रात आणखी भर पडते. मुखेड विधानसभा मतदारसंघात असलेल्या कंधार तालुक्यातील गावाचा मतदार पंचायत समितीसाठी कंधारचा, जिल्हा परिषदेसाठी नांदेडचा, विधानसभेसाठी मुखेडचा व लोकसभेसाठी नांदेडचा असतो. त्याच तालुक्यातील लोहा मतदारसंघातल्या गावाचा मतदार पंचायत समितीसाठी कंधारचा व जिल्हा परिषदेसाठी नांदेडचाच असतो, परंतु विधानसभेसाठी लोह्याचा आणि लोकसभेसाठी लातूरचा ठरतो. शाळेत नागरिकशास्त्र शिकविताना शिक्षकांनी फळ्यावर आपल्या गावाच्या या चार पायऱ्या मांडून दाखविल्या, तर विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या घरच्या मंडळींचाही गोंधळ पुष्कळसा दूर होईल.

चूक कोठे होते?

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात २०१७ मध्ये घडलेला प्रकार येथे उद्बोधक ठरेल. तेथील प्रतिनिधीगृहाच्या २८ व्या मतदारसंघात फेरमोजणीनंतर विजयी उमेदवाराचे मताधिक्य ७३ होते. मात्र १४७ मतदारांना भलत्याच मतदारसंघाची मतपत्रिका देण्यात आल्याचे उघडकीस आले. चूक झालेल्या मतदारांची संख्या मताधिक्याच्या दुप्पट होती. प्रकरण न्यायालयात गेले, तरी निकाल कायम राहिला. दिले गेलेले मत परत घेता येत नाही आणि गुप्त मतदानात ते कोणाला गेले हेही सांगता येत नाही.

भारतातील पद्धती वेगळी आहे. येथे प्रत्येक विधानसभा मतदारसंघाची यादी भागांमध्ये विभागलेली असते आणि प्रत्येक भागासाठी मतदान केंद्र नेमून दिलेले असते. एका केंद्रावर दोन विधानसभा मतदारसंघांचे मतदार येत नाहीत. त्यामुळे केंद्रावर भलतीच मतपत्रिका हाती पडण्याची शक्यता जवळजवळ नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा की, मतदाराचा मतदारसंघ केंद्रावर नव्हे तर यादीत ठरतो. नाव चुकीच्या भागात नोंदले गेले असेल, तर ती चूक नोंदणीच्या वेळीच झालेली असते. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपल्यानंतर त्या निवडणुकीसाठी यादीत कोणतीही भर घालता येत नाही वा दुरुस्ती करता येत नाही.

नोंदणीतील अडचणीच्या जागा

मुखेड परिसरात नोंदणीच्या वेळी विशेष लक्ष द्यावे लागेल अशा जागा मुख्यतः चार आहेत.

पहिली तांडे व वाड्या यांची. मतदार आपल्या वस्तीचे नाव सांगतो, यादी मात्र महसुली गावानुसार असते. एखादा तांडा दोन गावांच्या शिवेवर वसलेला असेल, तर तो कोणत्या महसुली गावात मोडतो हे नकाशावरून व प्रत्यक्ष पाहणीने ठरविणे आवश्यक असते. गावाची शीव हीच मतदारसंघाची सीमा असेल, तर ही बाब अधिकच महत्त्वाची ठरते.

दुसरी जागा सासरी गेलेल्या मुलींची. माहेर लोहा मतदारसंघात व सासर मुखेड मतदारसंघात अशी स्थिती या भागात वारंवार आढळू शकते. नाव माहेरच्या यादीत तसेच राहते व सासरी नव्याने नोंदले जाते, किंवा दोन्हीकडून सुटते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० नुसार कोणाचेही नाव एकाहून अधिक मतदारसंघांत असता कामा नये. अशा वेळी नव्याने नमुना ६ न भरता स्थलांतरासाठी नमुना ८ भरणे हा योग्य मार्ग आहे.

तिसरी जागा कामासाठी बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची. ऊसतोडीच्या हंगामात अनेक कुटुंबे महिनोन्‌महिने गावाबाहेर असतात. तात्पुरत्या गैरहजेरीमुळे व्यक्तीचे सर्वसाधारण वास्तव्य संपुष्टात येत नाही, असे कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. घराला कुलूप दिसले म्हणून नाव वगळण्याची शिफारस करणे हा अन्याय ठरेल. याउलट, गावात केवळ घर मालकीचे आहे एवढ्यावरून कोणी तेथील सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही, हेही त्याच कायद्यात नमूद आहे.

चौथी जागा पुनर्वसित गावांची. मुखेड तालुक्यातील लेंडी प्रकल्पासारख्या कामांमुळे गावठाणे हलतात. जुन्या गावाचे नाव तेच राहते, पण वस्ती दुसऱ्या ठिकाणी जाते. यादीतील भाग, घर क्रमांक व केंद्राचे ठिकाण यांची सांगड नव्या वस्तीशी वेळीच घालावी लागते.

मतदान केंद्रस्तरीय अधिकारी बहुधा शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा गावपातळीवरील कर्मचारी असतात. गावाची त्यांना असलेली माहिती हीच यादीच्या शुद्धतेची खरी हमी होय. पंचायत सदस्यांनी प्रारूप यादीचे वाचन ग्रामसभेत घडवून आणले, तर पुष्कळशा चुका तेथेच उघड होतील.

केंद्रावरील ओळख

मतदानाच्या दिवशी मतदाराचे ठिकाण ठरविण्यासाठी तीन क्रमांक पुरेसे असतात : विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक, यादी भागाचा क्रमांक आणि त्या भागातील अनुक्रमांक. मतदार माहिती चिठ्ठीवर ते दिलेले असतात. एका शाळेत तीन-चार केंद्रे असतात तेव्हा वृद्ध वा निरक्षर मतदार भलत्याच रांगेत तासभर उभा राहतो व शेवटी ‘तुमचे नाव येथे नाही’ असे ऐकून घरी परततो. त्याचे मत तेथेच संपते. हे टाळण्यासाठी मतदार सहाय्यता कक्षातील कर्मचाऱ्याने वर्णानुक्रमे लावलेल्या यादीतून नाव शोधून द्यावे आणि भाग क्रमांक तपासून मगच मतदाराला रांगेत उभे करावे. मतदाराला ‘नाही’ म्हणण्यापूर्वी शेजारच्या भागाची यादी पाहिली जावी.

पहिल्या मतदान अधिकाऱ्याचे काम मतदाराची ओळख पटविण्याचे आहे. या कामी काही बाबी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

ओळखपत्र असणे म्हणजे मताचा अधिकार असणे नव्हे. त्या केंद्राच्या यादीत नाव असणे ही मूळ अट आहे. उलटपक्षी, यादीत नाव असेल आणि मतदाराजवळ दुसऱ्या मतदारसंघातून मिळालेले जुने मतदार ओळखपत्र असेल, तर तेवढ्या कारणाने त्याला परत पाठविता येत नाही. ओळखपत्र नसल्यास आयोगाने मान्य केलेल्या आधार कार्ड, रोजगार हमीचे जॉब कार्ड, छायाचित्रासह बँक पासबुक इत्यादी पर्यायी कागदपत्रांवरून ओळख पटविता येते. यादीतील किरकोळ लेखनदोष किंवा मुद्रणदोष, व्यक्ती तीच असल्याची खात्री पटल्यास, दुर्लक्षित करावयाचे असतात. ‘गंगाबाई’चे ‘गंगूबाई’ झाले म्हणून मत नाकारणे नियमाला धरून नाही.

केंद्राध्यक्षाला ओळखीची शहानिशा करता येते, पात्रतेची नव्हे. ‘हा इसम आता लातूरला राहतो’ असा आक्षेप मतदान प्रतिनिधीने घेतला, तरी यादीत नाव असलेल्या व्यक्तीच्या वास्तव्याची चौकशी केंद्रावर होऊ शकत नाही. त्या आक्षेपाची वेळ प्रारूप यादी प्रसिद्ध होते तेव्हाची असते. ‘ही व्यक्ती यादीतील व्यक्ती नव्हे’ असा आक्षेप मात्र दोन रुपये भरून घेता येतो आणि केंद्राध्यक्षाने त्याची तेथेच संक्षिप्त चौकशी करावयाची असते. आक्षेप सिद्ध झाला नाही तर मतदाराला मत देऊ द्यावे लागते. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्याचे मतदाराला आढळले आणि त्याची ओळख पटली, तर त्याला प्रदत्त मतपत्रिका देऊन तिची स्वतंत्र नोंद करण्यात येते.

दोन ठिकाणी नाव असलेल्या मतदाराने एकाच प्रकारच्या निवडणुकीत दोन्हीकडे मत दिल्यास, लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ नुसार त्याची ती सर्व मते रद्दबातल ठरतात. ही गोष्ट मतदारांना आधीच समजावून सांगितली पाहिजे.

कर्मचारी स्वतःही मतदारच

दुसऱ्याचे मत नोंदवून घेणाऱ्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या मताकडे दुर्लक्ष करू नये. ज्या मतदारसंघाच्या यादीत नाव आहे त्याच मतदारसंघात नेमणूक असेल, तर निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्राच्या आधारे नेमणुकीच्या केंद्रावर मत देता येते. नेमणूक अन्य मतदारसंघात असल्यास टपाली मतदानाचा मार्ग असतो. कंधार तालुक्यात राहणाऱ्या शिक्षकाने आपण मुखेडचे मतदार आहोत की लोह्याचे, याची खात्री करूनच अर्ज भरावा. तालुका तोच असला तरी उत्तर निरनिराळे असू शकते.

वेळेवर केलेले काम

१ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर हे आता मतदार नोंदणीचे चार अर्हता दिनांक आहेत. त्यामुळे यादीचे काम वर्षातून एकदा करून बाजूला ठेवण्याजोगे राहिलेले नाही. गावात विवाह होतो, मृत्यू होतो, कुटुंब स्थलांतर करते, मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची होते. या नोंदी ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या दप्तरात असतात, किंवा गावाला तोंडपाठ असतात. त्या यादीपर्यंत पोहोचविण्याचे काम गावानेच करावयाचे आहे. शिवेवरील वस्तीत राहणाऱ्या माणसाला आपला खासदार नांदेडचा की लातूरचा हे मतदानाच्या दिवशी केंद्राच्या दारात कळावे, अशी वेळ येऊ नये. त्याचे उत्तर त्याच्या घरी, चिठ्ठीवरील तीन क्रमांकांच्या रूपाने, आधीच पोहोचलेले असावे.